जेनोआ, जुलै २००१: जी-८ परिषदेला विरोध का झाला, आणि त्या विरोधाचे पुढे काय झाले

जी-८ हा बड्या श्रीमंत देशांच्या आणि रशियाच्या प्रमुखांचा गट. त्याला लिखित घटना नव्हती, कायमचे सचिवालय नव्हते, स्वतःची इमारतही नव्हती. नोव्हेंबर १९७५ मध्ये पॅरिसजवळच्या रांबुये इथे सहा देशांचे प्रमुख तेलाच्या भाववाढीने उडालेल्या गोंधळावर बोलायला जमले. पुढच्या वर्षी कॅनडा आला, आणि १९९८ मध्ये बर्मिंगहॅमला रशिया पूर्ण सदस्य म्हणून बसला (२०१४ मध्ये त्याला निलंबित केले गेले आणि गट पुन्हा सातांचा झाला). यजमानपद फिरते असते. परिषदेचे निवेदन 'शेर्पा' म्हणून ओळखले जाणारे अधिकारी वर्षभर घोटत असतात. प्रमुख मंडळी दोन-तीन दिवसांसाठी येतात आणि त्यावर शेवटचा हात फिरवतात. कायद्याने हे निवेदन कुणालाच बांधत नाही.

मग त्याविरुद्ध लाखो माणसे रस्त्यावर का येतात? उत्तर मतांच्या हिशेबात आहे. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीत मते देशागणिक एक अशी नसतात, ती भांडवलातल्या वाट्यावर ठरतात. मोठ्या निर्णयांना ८५ टक्के मते लागतात आणि एकट्या अमेरिकेकडे १५ टक्क्यांहून जास्त आहेत. म्हणजे अमेरिका नको म्हणाली की विषय संपला. जागतिक बँकेतही वजन याच देशांचे, आणि गरीब देशांच्या सरकारी कर्जाची फेररचना करणाऱ्या पॅरिस क्लबमध्येही हेच धनको. जेवणाच्या टेबलावर या आठांचे एकमत झाले की बोलिव्हिया किंवा मोझांबिकच्या अर्थसंकल्पात शाळेला किती आणि व्याजाला किती, हे बऱ्याच अंशी तिथेच ठरायचे. त्या टेबलावर बोलिव्हियाचा कुणी नसायचा. तेव्हाच्या जगाच्या सुमारे १४ टक्के लोकांचे प्रतिनिधी उरलेल्या ८६ टक्क्यांबद्दल बोलायचे, आणि निर्णय चुकला तर दाद मागायला जागा नसायची. विरोधाचे मूळ हे आहे. ते नीट पाहायचे तर इटलीतल्या जेनोआचे प्रकरण तपशिलात बघावे लागते, कारण मागण्या, त्यांना मिळालेली उत्तरे आणि त्या मागण्यांवर पडलेली धूळ, सगळे तिथे एकाच आठवड्यात सापडते.

मागण्या काय होत्या

पहिली मागणी कर्जमाफीची. ती नवी नव्हती. १६ मे १९९८ ला बर्मिंगहॅमच्या परिषदेभोवती सुमारे ७०,००० लोकांनी हातात हात घालून साखळी केली होती. त्यांत चर्चची मंडळी होती, शिक्षक होते, निवृत्त लोक होते. पुढच्या वर्षी कोलोनच्या परिषदेत कर्जमाफीची योजना वाढवण्याचे वचन आले. (त्याच १९९९ च्या उन्हाळ्यात कर्नाटकातल्या रयत संघाचे शेतकरी आणि भारतातल्या इतर संघटनांचे लोक युरोपभर फिरून कोलोनला पोहोचले होते. बियाण्यांचे पेटंट आणि जागतिक व्यापार संघटना हा त्यांचा विषय.) पण वचन आणि माफी यांच्यामध्ये दोन टप्पे होते. देशाचे कर्ज निर्यातीच्या दीडपटीहून जास्त असेल तर साधारणपणे तो पात्र ठरायचा. त्यानंतर नाणेनिधीचा कार्यक्रम राबवून 'निर्णयाचा टप्पा' गाठायचा, गरिबी-निर्मूलनाचा आराखडा लिहून मंजूर करून घ्यायचा, आणखी काही काळ अटी पाळायच्या आणि मग 'पूर्णत्वाचा टप्पा'. कायमची माफी तिथे मिळते, आधी नाही. जेनोआच्या निवेदनात अभिमानाने लिहिले आहे की २३ देश ५३ अब्ज डॉलरहून अधिक माफीला पात्र ठरले, मूळ कर्ज ७४ अब्ज. पण त्या दिवसापर्यंत दुसरा टप्पा ओलांडलेले देश एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते. युगांडा आणि बोलिव्हिया ही त्यांतली नावे. बाकीचे हप्ते भरतच होते. 'सगळे कर्ज, अटींशिवाय, आता' या घोषणेचा अर्थ हे टप्पे समोर ठेवल्याशिवाय कळत नाही.

दुसरी मागणी औषधांची, आणि हिचा धागा थेट मुंबईत येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने एचआयव्हीवरच्या तीन औषधांचा एकत्र संच एका रुग्णाला वर्षाला ३५० डॉलरमध्ये देण्याची तयारी 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेला कळवली. पेटंटधारक कंपन्यांचा वर्षाचा खर्च तेव्हा १०,००० ते १५,००० डॉलर होता. भारताच्या १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थावर पेटंट मिळत नव्हते, ते फक्त बनवण्याच्या पद्धतीवर मिळायचे; म्हणून हे शक्य झाले. त्याच वेळी ३९ औषध कंपन्या दक्षिण आफ्रिकेच्या सरकारला स्वस्त औषधांच्या कायद्यावरून प्रिटोरियाच्या न्यायालयात खेचत होत्या. जगभर ओरड झाली तेव्हा एप्रिल २००१ मध्ये त्यांनी खटला मागे घेतला. तीन महिन्यांनी जेनोआला जमलेल्या लोकांना एवढे दिसत होते की औषध आहे, ते स्वस्तात बनते, आणि अडथळा फक्त नियमाचा आहे. नियम करणारे आत बसले होते. परिषदेने एड्स, क्षय आणि मलेरियासाठी जागतिक निधी जाहीर केला आणि १.३ अब्ज डॉलरची आश्वासने दिली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी एप्रिलमध्ये अबुजा इथे वर्षाला ७ ते १० अब्ज मागितले होते.

तिसरी मागणी हवामानाची. मार्च २००१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बुश यांनी हरितवायू कमी करण्याच्या क्योटो करारातून अंग काढून घेतले होते. जेनोआच्या निवेदनात या मुद्द्यावर मतभेद आहेत एवढेच मान्य केले गेले.

बाकी मागण्या पुष्कळ होत्या: स्थलांतरितांचे हक्क, चलनांच्या सट्ट्यावर कर, जनुकीय बदल केलेले अन्न. इतक्या वेगवेगळ्या गटांना एकत्र उभे करणे सोपे नसते.

तयारी: दोन्ही बाजूंची

निदर्शकांच्या बाजूने 'जेनोआ सोशल फोरम' ही छत्री होती. जानेवारी २००१ मध्ये ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहरात पहिला जागतिक सामाजिक मंच भरला, नाव तिथून घेतलेले. (हाच मंच जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावच्या नेस्को मैदानावर भरला, महाराष्ट्रातल्या अनेक जनसंघटनांना तो आठवत असेल.) फोरममध्ये शेकडो संघटना होत्या. कॅथलिक शांततावादी, कामगार संघटना, पर्यावरणवाले, डावे पक्ष, चलनांच्या सट्ट्यावर कर मागणारी 'आताक' आणि पांढरे डगले घालून सविनय कायदेभंग करणारे 'तुते बियांके'. प्रवक्ते वित्तोरियो आन्योलेत्तो व्यवसायाने डॉक्टर, एड्सच्या कामातले. सदस्य संघटनांचा आपसात करार होता: माणसांना आणि शहराला इजा करायची नाही. पद्धत ज्याने त्याने आपली निवडायची, पण ज्याचा चौक त्याची जबाबदारी. कुणी कुठल्या चौकात जमायचे हे ठरलेले होते, वकिलांचे पथक होते, स्वयंसेवक डॉक्टर होते. राहण्यासाठी मैदाने आणि शाळा अधिकृतपणे मिळाल्या होत्या, त्यात दिआझ शाळाही होती.

या व्यवस्थेत एक भोक होते. करार फक्त सदस्यांना बांधत होता. काळे कपडे घालून बँका फोडणारे काहीशे लोक फोरमचे सदस्य नव्हतेच, आणि त्यांना चौकातून बाहेर काढण्याचे साधन फोरमकडे नव्हते. खुल्या मोर्चाला दरवाजा नसतो. आयोजकांनी याचा पुरेसा विचार केला नाही, हे म्हणावेच लागते.

सरकारच्या बाजूने शहराचे दोन पट्टे झाले. मध्यभागी 'लाल पट्टा': परिषदेची जागा असलेला पालाझ्झो दुकाले हा राजवाडा, जुने बंदर, त्याभोवती चार-पाच मीटर उंच पोलादी जाळी. आत फक्त पासधारक रहिवासी आणि अधिकारी. बाहेर 'पिवळा पट्टा', तिथे निदर्शनांवर निर्बंध. बंदराचे शहर असल्याने रस्ते अडवायला मालवाहू कंटेनर हाताशी होतेच. विमानतळ बंद, मुख्य रेल्वे स्थानके बंद, गटारांची झाकणे पक्की केलेली, विमानविरोधी क्षेपणास्त्रे उभी. नेत्यांपैकी बहुतेकांची राहण्याची सोय बंदरातल्या क्रूझ जहाजावर. युरोपातल्या खुल्या सीमांचा शेन्गेन करार काही दिवस स्थगित झाला आणि दोन हजारांहून अधिक जणांना सीमेवरून परत पाठवले गेले. पंतप्रधान बेर्लुस्कोनी यांचे सरकार येऊन जेमतेम सहा आठवडे झाले होते. तयारी आधीच्या सरकारने सुरू केलेली, त्यामुळे फोरमशी गंभीर बोलणी अगदी शेवटी झाली. १६ जुलैला एका पार्सल बॉम्बने एक काराबिनिएरी (इटलीच्या लष्करी पोलीस दलातला शिपाई) जखमी झाला. जूनमध्ये स्वीडनच्या योटेबोर्गमध्ये पोलिसांनी निदर्शकांवर गोळ्या झाडल्या होत्या. सगळेच ताणलेल्या मनाने आले होते.

१९ जुलैचा स्थलांतरितांचा मोर्चा, सुमारे ५०,००० लोकांचा, शांततेत पार पडला. तो लक्षात ठेवावा, कारण पुढच्या दोन दिवसांनंतर त्याची आठवण कुणी काढली नाही.

शुक्रवार, २० जुलै

सकाळी काळ्या कपड्यांतले गट पाओलो दा नोवी चौकाच्या आसपास जमले. तिथून पुढचे काही तास ते शहराच्या पूर्व भागात फिरत राहिले. दुकाने, बँका, गाड्या, पुढे मारास्सी तुरुंगाचा दरवाजा. पोलीस त्यांच्या मागे होते, पण जड तुकड्या हळू चालतात आणि छोटे गट पटकन पांगतात. त्यामुळे दरवेळी पोलीस पोहोचायचे तेव्हा चौकात दुसरेच लोक असायचे. मानिन चौकात पांढरे रंगवलेले हात वर करून बसलेल्या शांततावाद्यांवर लाठीमार झाला तो असा.

दुपारी कार्लिनी मैदानातून तुते बियांकेचा मोर्चा निघाला, साधारण दहा हजार लोक. अंगाला फोमच्या पट्ट्या, डोक्याला हेल्मेट, पुढे चाकांवरची पारदर्शक प्लास्टिकची ढाल. लाल पट्ट्याच्या जाळीपर्यंत जाऊन ती ढकलायची, हा बेत त्यांनी आधीच जाहीर केला होता. आपल्याकडे परवानगीपत्रावर मोर्चाचा मार्ग लिहून देतात तसा मार्ग ठरला होता, आणि ब्रिन्योले स्थानकाजवळच्या वेर्दी चौकापर्यंत परवानगी होती. मोर्चा विया तोलेमाइदे या रस्त्यावर आला. दुपारी तीनच्या सुमारास, परवानगी असलेल्या टप्प्यातच, काराबिनिएरींच्या एका तुकडीने त्याच्यावर अश्रुधूर सोडला आणि लाठ्या घेऊन धाव घेतली.

ती तुकडी तिथे यायची नव्हतीच. तिला मारास्सीकडे, काळ्या गटाच्या मागे पाठवले होते. नियंत्रण कक्षाच्या ध्वनिमुद्रणातून खटल्यात हे बाहेर आले. याच्या मुळाशी दोन साध्या गोष्टी होत्या. पहिली संपर्काची: रस्त्यावरच्या पोलिसांचा आणि काराबिनिएरींचा एकमेकांशी थेट बिनतारी संपर्क नव्हता, निरोप दोन्हींच्या मुख्य कक्षांतून फिरून यायचा. दुसरी योजनेची: एका जागी उभ्या राहणाऱ्या तुकड्यांना फिरते काम देण्याचा बदल अगदी आदल्या दिवशी झाला. बाहेरगावहून आलेल्या, शहर न ओळखणाऱ्या तुकडीला चालत्या गर्दीत असे काम देणे म्हणजे गफलतीला आमंत्रण. पुढे जेनोआच्या न्यायालयांनी ही चाल बेकायदा ठरवली. त्यानंतर झालेल्या प्रतिकाराकडे न्यायालयाने वेगळ्या नजरेने पाहिले ते याचमुळे.

दोन-अडीच तास गल्ल्यांत धुमश्चक्री चालली. अलिमोंदा चौकात एक तुकडी मागे हटली आणि तिच्यामागच्या दोन जीप संरक्षणाविना राहिल्या. त्यांतली एक कचऱ्याच्या पेटीला अडकली. धुराने हैराण झालेला वीस वर्षांचा एक शिपाई उपचारासाठी त्या जीपमध्ये बसवलेला होता, पिस्तूल त्याच्याकडेच. जीपवर हल्ला झाला. २३ वर्षांच्या कार्लो जुलियानीने जमिनीवर पडलेले अग्निशामक नळकांडे उचलले. आतून दोन गोळ्या सुटल्या. ५ वाजून २७ मिनिटांनी कार्लो कोसळला, आणि निघायच्या घाईत जीप त्याच्या अंगावरून दोनदा गेली. २००३ मध्ये स्वसंरक्षण मानून शिपायाविरुद्धचे प्रकरण बंद झाले; युरोपीय मानवाधिकार न्यायालयाच्या मोठ्या पीठानेही २४ मार्च २०११ ला इटलीला दोषी धरले नाही. कायद्याने तो निकाल लागला. पण आजारी पडलेल्या शिपायाला शस्त्रासह, कवचाविना, गर्दीच्या तोंडाशी का ठेवले, या प्रश्नाचे उत्तर नियोजन करणाऱ्यांकडून मिळायला हवे होते.

शनिवार आणि ती रात्र

२१ जुलैच्या मोर्चात गृहखात्याच्या अंदाजाने २ लाख आणि फोरमच्या अंदाजाने ३ लाख लोक होते. समुद्रकाठच्या रस्त्यावर अश्रुधुराने मोर्चाचे दोन तुकडे झाले. संध्याकाळी बाहेरगावचे लोक परतीच्या गाड्या शोधू लागले.

मध्यरात्रीच्या सुमारास शेकडो पोलीस दिआझ शाळेत शिरले. आतले बहुतेक लोक झोपेच्या पिशव्यांत होते. ९३ जणांना अटक झाली, साठहून अधिक जणांना रुग्णालयात न्यावे लागले, अनेकांना स्ट्रेचरवरून. समोरच्या पास्कोली शाळेत फोरमचे माध्यम केंद्र आणि वकिलांचे कार्यालय होते. तिथले संगणक फोडले गेले. पोलिसांनी पुरावा म्हणून दोन पेट्रोल बॉम्ब दाखवले. ते दिवसा शहरात दुसरीकडे सापडलेले होते आणि पोलिसांनीच शाळेत आणून ठेवले होते, हे न्यायालयात सिद्ध झाले. पकडलेल्यांपैकी अनेकांना आणि आधीच्या दोनशेच्या आसपास अटकेतल्यांना बोल्झानेतोच्या पोलीस छावणीत नेले होते. तिथे तासन्तास भिंतीकडे तोंड करून उभे ठेवणे, मारहाण, धमक्या, वकिलाला भेटू न देणे, हे सगळे झाले.

पुढे

दिआझ प्रकरणी ५ जुलै २०१२ ला इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २५ पोलीस अधिकाऱ्यांची शिक्षा कायम केली, त्यांत फार वरचे अधिकारीही होते. पण शिक्षा राहिली ती खोटी कागदपत्रे केल्याबद्दल. मारहाणीच्या गुन्ह्यांची मुदत तोवर संपली होती. इटलीच्या दंडसंहितेत छळ हा गुन्हाच नव्हता, म्हणून साध्या दुखापतीची कलमे लावावी लागली आणि ती कलमे लवकर कालबाह्य होतात. ७ एप्रिल २०१५ ला 'चेस्तारो विरुद्ध इटली' या निकालात युरोपीय न्यायालयाने दिआझमधल्या मारहाणीला छळ म्हटले आणि असा कायदा नसण्यावर बोट ठेवले. अर्जदार त्या रात्री ६२ वर्षांचे होते, भिंतीला टेकून हात वर करून बसलेले. त्यांचा हात आणि पाय मोडला होता. इटलीत छळाचा कायदा जुलै २०१७ मध्ये आला, मागच्या घटनांना तो लागू नाही.

दुसरीकडे दहा निदर्शकांवर 'विध्वंस आणि लूट' हे १९३० च्या दंडसंहितेतले कलम लागले. काहींना दहा वर्षांहून अधिक शिक्षा झाली. मालमत्ता फोडण्याला इतकी वर्षे आणि झोपलेल्या माणसांची हाडे मोडण्याला मुदत संपल्याचा शिक्का. हे मनाला पटत नाही, आणि पटू नये.

पोलिसांविरुद्धचे खटले उभे राहिले ते निदर्शकांनी जपून ठेवलेल्या नोंदींवर. शेकडो लोकांचे चित्रीकरण आणि छायाचित्रे वकिलांच्या साहाय्यकांनी गोळा केली. प्रत्येक कॅमेऱ्याचे घड्याळ थोडे पुढे-मागे असते, म्हणून एकच प्रसंग दोन कॅमेऱ्यांत शोधून वेळ जुळवली, मग पोलिसांच्या बिनतारी नोंदी त्यावर बसवल्या. कुठली तुकडी कुठल्या मिनिटाला कुठे होती हे त्यातून दिसले. आज कुणीही मोर्चा काढणार असेल तर आधी सगळ्यांच्या फोनची वेळ तपासावी, मूळ फाइल न कापता ठेवावी, आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत न्यावी. पास्कोलीत एकाच ठिकाणी ठेवलेले सगळे गेले.

मागण्यांपैकी जिथे आकडा मोजता येत होता तिथे काही हलले. नोव्हेंबर २००१ मध्ये दोहा इथे जागतिक व्यापार संघटनेच्या बैठकीत सार्वजनिक आरोग्यासाठी पेटंटला वळसा घालण्याचा देशांचा हक्क मान्य झाला. जागतिक निधी जानेवारी २००२ मध्ये सुरू झाला. नाणेनिधी, जागतिक बँक अशा बहुपक्षीय संस्थांचे कर्ज पूर्ण माफ करण्याची गोष्ट २००५ च्या ग्लेनईगल्स परिषदेत आली, १८ देशांसाठी, सुमारे ४० अब्ज डॉलर. कोण बसते आणि कोण ठरवते, या पहिल्या प्रश्नावर मात्र काहीच हलले नाही.

परिषदेने जेनोआतून धडा घेतला तो जागेचा. २००२ ची बैठक कॅनडातल्या रॉकी डोंगरांतल्या कननास्किस इथे झाली. निदर्शने कॅलगरीत आणि ओटावात. त्यानंतरच्या काही बैठकांना अमेरिकेतले सी आयलंड हे बेट, स्कॉटलंडमधले ग्लेनईगल्सचे गोल्फ हॉटेल, जर्मनीच्या बाल्टिक किनाऱ्यावरचे हायलिगेनडाम आणि तिथले १२ किलोमीटरचे कुंपण. २०२५ मध्ये सात देशांची परिषद पुन्हा कननास्किसलाच भरली. निदर्शकांसाठी कॅलगरीत आणि बॅन्फमध्ये जागा आखून दिल्या होत्या, आणि तिथले थेट चित्रण नेत्यांना बैठकीच्या ठिकाणी पडद्यावर दिसेल अशी सोय केली होती.